सिस्टरसाठी आखलेलं परस

आमच्या गल्लीत त्यांना सगळे कवळीवाले म्हणत. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे आणि त्यांवरून हे घराच्या पुढच्या खोलीत बसून कवळ्या घडवायचे. टेबलावर मेण वितळवायचा दिवा, प्लास्टरचे जबडे, डब्यांमधून रंगाप्रमाणे लावलेले दात. पहिल्यांदा येणारा माणूस दचकायचाच. "घाबरू नका, चावत नाहीत," असं ते म्हणायचे. हा विनोद त्यांनी जन्मभर केला आणि दर वेळी त्याला स्वतःच आधी हसले.

त्यांची बायको नर्स होती. गल्ली तिला सिस्टर म्हणायची, आणि पुढे पुढे तेही तिला त्याच नावाने हाक मारू लागले. वॉर्डात या खाटेकडून त्या खाटेकडे चालण्यात तिची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर काही वर्षांत ती विसरायला लागली. आधी गॅसवरचं दूध, मग शेजाऱ्यांची नावं, मग नवरा. पाय मात्र काही विसरले नव्हते. सकाळी डोळा उघडला की ती निघायची. "तीन नंबरचं सलाईन संपत आलंय, सोडा मला," म्हणत दाराकडे धावायची.

कवळीवाल्यांचं काम नजरेचं. जरा मान खाली गेली, की ही हातावर तुरी देऊन पसार. एकदा ती मोठ्या रस्त्याच्या मधोमध सापडली. एका ट्रकवाल्याने कसाबसा ब्रेक मारला आणि तोच तिला हाताला धरून घरी घेऊन आला. तिच्या एका पायात चप्पल होती, दुसरा पाय रक्ताळलेला. "सांभाळा हो यांना," एवढंच ट्रकवाला म्हणाला.

त्या दिवसापासून दाराला आतून कुलूप लागलं. सिस्टर दार ठोठावत राहिली, तळहात सुजेपर्यंत. मग जमिनीवर बसून लहान मुलासारखं विचारू लागली, "मला कोंडून का ठेवलंय? मी काय केलं?" आभाळच फाटलं, तिथे ठिगळ लावणार तरी कुठे?

मुलगी दुसऱ्या शहरातून आली. आईचे हात पाहून ती आधी रडली, आणि मग ठरवून आणलेलं बोलली.

"बाबा, मी एक संस्था पाहिली आहे. स्वच्छ आहे. माणसं चांगली आहेत."

"तिथे दारं उघडी असतात?"

"नसतात. कशी असतील?"

"मग कुलूपच लावायचं तर माझं काय वाईट आहे?"

"इथे तिच्या आधी तुम्ही जाल, बाबा. आरशात बघितलंत का कधी स्वतःला?"

मुलीला डोळे दिसू नयेत म्हणून ते स्वयंपाकघराचं मागचं दार उघडून परसात जाऊन उभे राहिले. तिथे घर बांधताना उरलेल्या विटा, फुटकं पिंप, माजलेले गुलाब, कण्हेर, आणि बरोबर गळ्याच्या उंचीवर कपड्यांची तार. कित्येक वर्षांत त्या जागेकडे कुणी धड पाहिलं नव्हतं. पण तिला चारी बाजूंनी भिंत होती. हिला चालायचंच आहे ना, मग इथे चालू दे, असं त्यांच्या मनात आलं. आत येऊन ते मुलीला म्हणाले, "थोडे दिवस दे मला. परस नवीन करतो."

मुलीने कपाळाला हात लावला. "आई अशी, आणि तुम्हाला बाग सुचतेय?"

कागदावर आखणं त्यांना जमत नसे. त्यांनी एका ताटात प्लास्टर ओतलं आणि त्यात मेणाने अख्खं परस उभं केलं. गवंड्याला बोलावलं. गवंडी ताट फिरवून फिरवून बघत म्हणाला, "काका, ही कवळी कुणाच्या जबड्यात बसवायची?"

ते हसले नाहीत. बोटाने दाखवत गेले. "ही वाट स्वयंपाकघरातून निघेल आणि गोल फिरून स्वयंपाकघरातच येईल. मध्ये कुठे संपता कामा नये. वाट संपली की ती तिथे उभी राहून रडते. पायरी नको. एका बाजूने धरायला कठडा. काटे नकोत. विषारी कण्हेर मुळासकट काढा, सिस्टर हाताला लागेल ते तोंडात घालते. तिथे पुदिना आणि गवती चहा लावू. आणि मागच्या गल्लीत उघडणारं हे दार वेलीखाली झाकायचं. दिसलं की ती कडी हलवत बसेल."

गवंड्याने ताट जपून खाली ठेवलं. मग म्हणाला, "उद्या येतो."

काम चाललं तोवर मुलीने रजा वाढवली. ती आईला पुढच्या खोलीत धरून बसायची. बाहेर फावडं वाजलं की आई विचारायची, "ऑपरेशन चालू आहे का?" कवळीवाले दिवसभर गवंड्याच्या डोक्यावर उभे. रेती जास्त नको, फरशी खालीवर नको. गवंड्याच्या नाकी नऊ आले. "काका, बत्तीशी तुमची, फरशी माझी. जरा आत बसा!" पण त्यांचा जीव टांगणीला लागला होता, बसतील कसे?

परस तयार झालं त्या सकाळी त्यांनी सिस्टरला मागच्या दारात आणलं. ती निघाली, कठड्यावरून हात फिरवत, चांगली झपझप. मुलीने बापाकडे पाहिलं. आणि पलीकडच्या भिंतीपाशी सिस्टर थबकली. तिथे वाटेत पावसाच्या पाण्याची गटार आडवी जात होती. तिच्यावर गवंड्याने काळ्या फरशीचा पट्टा टाकला होता.

"चल ना, सिस्टर."

ती मागे सरकली.

"अगं, काही नाही तिथे. चल."

त्यांनी हात धरला. तिने झटकला. त्यांनी पुन्हा धरला आणि ओढला, जोरात, कधी ओढला नव्हता तसा. तिने त्यांच्या तोंडावर चापट मारली. चष्मा उडाला. कवळीवाले त्या काळ्या पट्ट्यावर मटकन बसले आणि दोन्ही हातांत तोंड घालून रडू लागले. आवाज भिंतीपलीकडे आमच्यापर्यंत आला. इतक्या वर्षांत त्या घरातून रडणं ऐकू आलं होतं ते सिस्टरचंच.

दारातून मुलगी म्हणाली, "पुरे झालं, बाबा. मी संस्थेत फोन करते."

तेवढ्यात सिस्टर ओरडली, "अहो काका! हात द्या! आत जाल! कुणीतरी या हो, पेशंट विहिरीत पडतोय!"

ती गुडघ्यांवर बसून, अंग मागे रेटून, त्यांच्याकडे हात लांब करत होती. चेहरा भीतीने पांढरा पडलेला, तरी हात पुढे. आपण तिचे कोण हे तिला ठाऊक नव्हतं, पण तिला आपल्याला वाचवायचं होतं, हे त्यांना उमगलं. आणि काळी फरशी तिला खोल खड्ड्यासारखी दिसतेय, हेही.

त्यांनी तिचा हात धरला आणि तिला आपल्याला ओढून काढू दिलं. "सावकाश, काका, सावकाश," ती म्हणत होती. मग ते आत गेले, कवळ्यांचं पांढरं प्लास्टर बादलीत कालवलं आणि त्या सगळ्या काळ्या पट्ट्यावर हातानेच फासलं. ते प्लास्टर बघता बघता घट्ट होतं. सिस्टरने त्यावर आधी चवडा टेकवला, मग टाच, आणि पुढे गेली. तिची फेरी दारापाशी आली तशीच पुढे सुरू झाली.

मुलीने त्या दिवशी फोन केला नाही. पहिल्या पावसात प्लास्टर वाहून जाण्याआधी गवंड्याने तिथे फिकट फरशी बसवली.

पुढे सगळं चांगलं झालं असं मी सांगणार नाही. सिस्टर अंघोळीला मारामारी करायची. पुदिना मुळासकट उपटून खायची. मुलगी पुन्हा आली तेव्हा तिला म्हणाली, "भेटायची वेळ संपली, बाहेर थांबा." पण स्वयंपाकघराचं मागचं दार दिवसभर उघडं असायचं. कवळीवाल्यांनी टेबल स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी आणलं होतं. जाता जाता ती खिडकीत थांबायची.

"तुमची ड्यूटी कधी संपते?"

"संपतच आली, सिस्टर."

"काहीतरी खाऊन घ्या," असं म्हणून ती पुढे जायची.

वर्ष उलटायच्या आत तिचे पाय फरफटू लागले. ती अर्ध्या वाटेत बसू लागली, आणि एका सकाळी तिला उभंच राहता येईना. डॉक्टर म्हणाले, आता चालणं नाही. कवळीवाले त्या दिवशी रिकाम्या वाटेवर एकटेच उभे होते, खांदे पडलेले. मी भिंतीवरून हाक मारली, तर त्यांनी वळूनही पाहिलं नाही. ज्या आजाराच्या मागे धावून त्यांनी एवढं केलं, तो त्यांना वाटेतच मागे टाकून गेला होता.

आठवड्याने त्यांच्याकडे चाकांची खुर्ची आली. ती मागच्या दाराच्या उंबऱ्यापाशी अडली. कवळीवाल्यांनी गवंड्याला बोलावलं.

"उंबरा काढता येईल का?"

"काढतो की. कधी?"

"आत्ता."

गवंड्याने छिन्नी काढली. दुपारी सिस्टर परसात उन्हाला बसली होती. मान एका खांद्यावर कललेली, डोळे मिटलेले. कवळीवाले शेजारी खाली फरशीवर बसून होते. टेबलावर कुणाचा तरी जबडा अर्धवट पडला होता, पण ते उठले नाहीत.