डॉक्टरांची गाडी आणि भाईंदरवालं तेल

किस्से मुद्दाम कुणी जमवत नाही. दवाखान्याबाहेर एक बाकडं ठेवा, त्यावर आजाऱ्यांपेक्षा धडधाकट माणसं जास्त बसू द्या, की ते आपोआप साठत जातात. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून मी भाईंदरला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. आमच्या बाकड्यावरचे बहुतेक किस्से रोगांचे नाहीतच. डॉक्टरांच्या चिमुकल्या मोटारीच्या इंजिनात कुठलं तेल घालायचं, याचे आहेत!

मोटार सेकंडहँड. डॉक्टर आत बसले की बॅग कुठे ठेवायची हा प्रश्न पडायचा, आणि मी बसलो की ती माझ्या मांडीवर यायची. वहिनींना, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोला, ती पहिल्या दिवसापासून नको होती. टांगा काय वाईट होता, हे त्यांचं पालुपद. शेवटी तह झाला.

"ज्या दिवशी ही बया बैलांच्या मागून घरी येईल, त्या दिवशी विकायची. कबूल?"

"कबूल!" डॉक्टर म्हणाले. साक्षीला मी.

डॉक्टरांचा त्या गाडीवर भारी जीव. तेव्हापासून पेशंटच्या छातीपेक्षा ते इंजिनाचीच धडधड जास्त मन लावून ऐकायला लागले.

* * *

पहिल्यांदा तेल बदलायची वेळ आली. गाडीबरोबरच्या पुस्तकात लिहिलेलं, उन्हाळ्यात जाड तेल घाला, थंडीत पातळ. डॉक्टरांनी बाहेर येऊन बाकड्याला विचारलं, "आपल्याकडे थंडी असते का हो?"

बाकड्यावर दोन माणसं कायमची. नवघरचे हरीभाऊ, घरची भातशेती आणि मिठागर असलेले, आणि उत्तनचे पास्कूमामा, स्वतःच्या होडीवर मासेमारी करणारे.

"पहाटे मिठागरात उभे राहा, मग विचारा!" हरीभाऊ म्हणाले.

"दर्यावर थंडी हाय, घरात न्हाय," पास्कूमामा म्हणाले.

एवढं मार्गदर्शन घेऊन डॉक्टर मुंबईला तेल आणायला गेले. दुकानदाराने विचारलं, "साहब, गर्मीवाला दूँ या ठंडीवाला?"

"भाईंदरवाला दो!"

शेवटी दोन्ही घेऊन आले आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "निम्मं निम्मं घ्या. आणि घालण्यापूर्वी बाटली चांगली हलवा!"

* * *

नव्या तेलाची काळजी एकट्या डॉक्टरांना. पण इंजिनातून निघालेल्या जुन्या काळ्या तेलावर अख्ख्या गावाचा डोळा! हरीभाऊंना ते बैलगाडीच्या आसाला हवं, पास्कूमामांना होडीच्या बुडाला, कुणाला वाळवी लागलेल्या खांबाला. लोक आडून आडून चौकशी करायचे, "डॉक्टर, गाडी दमल्यासारखी वाटते हो. तेल बदलता का?"

तेल बदलायच्या दिवशी रांग लागायची. सगळ्यांना सारखं मिळावं म्हणून मी औषधाच्या बाटल्यांतूनच वाटायचो. मिक्श्चरच्या बाटलीला डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवतात ना, तिच्यावरून मापही बरोबर यायचं. मी आपला भरून देऊन मोकळा झालो.

दोन-चार दिवसांनी हरीभाऊंचे म्हातारे वडील स्वतः दवाखान्यात हजर. हातात रिकामी बाटली.

"रोज तीन वेळा पाजलं आसाला, जेवणानंतर. कुरकुर थांबलीय. आता बंद करू, की अजून एक बाटली द्यायची?"

डॉक्टरांनी चेहरा जराही न हलवता विचारलं, "पथ्य पाळलंत ना?"

म्हातारबा गोंधळले. मी तोंडात रुमाल कोंबून आत पळालो.

* * *

मग लढाई पेटली आणि इंजिनाचं तेल मिळेनासं झालं. डॉक्टर कासावीस! गाडी कुठे अडकली तर बैल लावावे लागणार, आणि बैल लागले की गाडी जाणार.

पास्कूमामांनी जीव तोडून मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, काळजाचं तेल आणलं. "आमची होडी यावर टिकलीय, डाक्तर!" झाकण उघडलं आणि बाकड्यावरचे सगळे उठून रस्त्यापलीकडे गेले. पास्कूमामा मात्र तिथेच बसून, लोकांना काय झालं म्हणून बघत होते.

तेवढ्यात डॉक्टरांची नजर माझ्या फळीवरच्या एरंडेलाच्या बरणीवर पडली. "अहो, हे तर मागच्या लढाईत विमानांच्या इंजिनात घालायचे!" असं म्हणून त्यांनी गाडीत कमी पडलेलं तेल एरंडेलानं भरून काढलं.

गाडी चालली. पण मागून धूर निघाला तो एरंडेलाचा! त्या काळात पोरांना सुट्टीच्या दिवशी नाक दाबून एरंडेल पाजायचे. गाडी गल्लीत शिरली की पोरं तोंडावर हात दाबून माळ्यावर चढायची.

एक बाई मुद्दाम दवाखान्यात सांगायला आल्या, "डॉक्टर, गाडी रोज आमच्याच गल्लीतून न्या हो. पोरं नुसत्या वासानं मोकळी होतात!"

* * *

पण त्या दोन तेलांचं आपसात पटेना. इंजिनात काकवीसारखा चिकटा धरायला लागला. अशातच उत्तनहून सांगावा आला, पास्कूमामांची लेक अडली आहे. डॉक्टर आणि मी तडक निघालो. रस्ताभर गाडी खोकत होती, पण पोचली. दुपारी मुलगी झाली, आई सुखरूप. पास्कूमामा डोळे पुसत सगळ्यांना मिठ्या मारत सुटले.

आम्ही बाहेर आलो. हँडल मारायला गेलो तर ते हलेना. इंजिन जाम!

डॉक्टर पायरीवर बसले. "गेली माझी गाडी," एवढंच बोलले. लहान मुलासारखा चेहरा झाला होता त्यांचा, मला फार वाईट वाटलं.

हरीभाऊ त्या दिवशी मासे खारवायला लागणारं मीठ घेऊन उत्तनलाच आलेले. "बैल जुंपू?"

"नको, नको!" डॉक्टर आणि मी एकदमच ओरडलो. मग मी सगळ्यांना तो तह सांगितला.

पास्कूमामा हसले. "बैल कशाला? होडी वर घेतो तशी घेऊ!"

होडीचा दोर आला. उत्तनची निम्मी माणसं दोराला लागली. डॉक्टर हॅट घालून स्टिअरिंगवर, मी शेजारी बॅग धरून, आणि "हैसा! हैसा!" करत वरात निघाली. हरीभाऊंनी बैलगाडी मुद्दाम मोटारीच्या मागे ठेवली. वाटेतल्या राई-मुर्धा गावांची माणसंही दोराला लागली, काही नुसतीच सोबत आली.

वहिनी दारात उभ्याच होत्या. डॉक्टर उतरले, आणि छाती पुढे काढून म्हणाले, "बघ! बैल मागे आहेत!"

वहिनींनी गाडीकडे पाहिलं, घामानं निथळणाऱ्या त्या गर्दीकडे पाहिलं. साखर तेव्हा रेशनवर होती.

"बैलच परवडले असते हो," त्या पदर खोचत म्हणाल्या, "ते चहा पीत नाहीत!"