अनोळखी पाहुण्याचं ताट

आमच्या घरी नाताळच्या दुपारी एक ताट जास्तीचं मांडलं जायचं. त्या ताटावर कोणी अनोळखी माणूस येऊन बसल्याशिवाय घरातल्या कोणाच्या तोंडात शीत पडत नसे. लोकांच्या नाताळात केक असतो, तारा असतो, लाल टोपीवाला म्हातारा असतो. आमच्या नाताळात भूक असायची. त्या दिवशी अख्ख्या रायपुरात सगळ्यात उपाशी घर आमचंच, हे मी कुठंही छातीवर हात ठेवून सांगेन. दुपारचे दोन वाजले की आमच्या पोटातले कावळे असे ओरडायचे की गुढियारीच्या मालधक्क्यावरचे हमाल पोती खाली ठेवून आभाळाकडं बघायचे.

ही रीत बाबांची. बाबा रेल्वेत वॅगन दुरुस्तीला होते. सकाळची उपासना आटोपून घरी आले की कोट न काढताच सायकल घेऊन बाहेर पडायचे आणि माणूस घेऊन यायचे. कोणता माणूस, ते देवालाच ठाऊक. मरियेला दिवस भरले होते, तरी तिला उतारशाळेत जागा मिळाली नाही. बाळ गव्हाणीत निजवावं लागलं. आपल्याकडं दोन खोल्या आहेत, मग त्या दिवशी तरी दार लावून जेवायचं नाही. बाबांचं धर्मशास्त्र एवढंच. पाहुणा बसला की ते तेवढाच भाग वाचायचे, अन्नाबद्दल उपकार मानायचे आणि पहिली पळी पाहुण्याच्या ताटात पडायची. पाहुण्यानं हात जोडले तर जोडले, नाही जोडले तर रस्सा तोच.

नियम मात्र कडक होते. नात्यातला नको, चर्चच्या मंडळीतला नको, भुकेला पाहिजे. आणि काही विचारायचं नाही. नाव नाही, गाव नाही, जात तर नाहीच, आणि उपाशी काहून आहे हेही नाही. विचारलं की तो पाहुणा राहत नाही, अर्जदार होतो, असं बाबा म्हणायचे.

कोण कोण जेवून गेलं म्हणून सांगू? एकदा सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यातून निघालेला ट्रक ड्रायव्हर आला. त्यानं आमच्या मोरीत हात धुतले तर पाऱ्यातली, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातली, नाली तीन दिवस काळी वाहिली आणि चौथ्या दिवशी तिला गंज चढला. एका वर्षी मदारी आला. त्यानं अस्वल दाराशी बांधलं आणि अस्वलानंही शेजाऱ्यांच्या दारातली पपई मागून घेतली, अशी मी शाळेत गोष्ट सांगितली होती. अस्वल नव्हतं, माकड होतं. आता खरंच बोलायला बसलोय तर माकडही नव्हतं. नुसता माणूस होता आणि त्याच्या हातात रिकामी दोरी होती. एक बाई आली होती, ती सगळं जेवण एक शब्द न बोलता जेवली आणि जाताना आईच्या डोक्यावरून हात फिरवून गेली. तिच्या बाबतीत मी आजवर काही वाढवलेलं नाही.

आई दोन भांडी ठेवायची. एका भांड्यात मटण. दुसऱ्यात बटाट्याची भाजी, तिचा चमचा वेगळा, झाकण वेगळं. पाहुणा मांस न खाणारा निघाला तर त्याला संकोच नको. आणि त्या दिवसापासून पुढचा नाताळ येईपर्यंत दररोज संध्याकाळी ती त्या पाहुण्यासाठी प्रार्थना करायची. नाव ठाऊक नसायचं, म्हणून खुणेनं. प्रभू, त्या खोकणाऱ्याचा खोकला बरा कर. प्रभू, त्या निळ्या लुगड्याच्या बाईले सांभाळ. एवढ्या पत्त्यावर देवाला माणूस सापडत असेल तर स्वर्गातलं टपालखातं आपल्यापेक्षा बरं चाललेलं असणार.

बाबा गेले. आई माझ्याकडं तेलीबांध्याला आली, आठव्या मजल्यावर. खिडकीतून तलाव दिसतो, माणसं दिसत नाहीत, म्हणजे दिसतात पण मुंग्यांएवढी. खाली गेट, गेटवर गार्ड, आणि गार्डच्या हातात फोन. अनोळखी माणूस आमच्या दारापर्यंत येणं हे उंट सुईच्या नेढ्यातून जाण्यापेक्षा थोडंच सोपं. तरी पहिल्या वर्षी मी खाली जाऊन तलावाकाठी झाडू मारणाऱ्या बाईंना वर आणलं. दुसऱ्या वर्षी पार्सल घेऊन आलेला पन्नाशीचा, लाल टी-शर्टातला माणूस आईनं दारातच धरला. त्याचा फोन सारखा वाजत होता, तरी तो बसला, नीट जेवला, आणि उठताना ताट स्वतः उचलायला लागला. आईनं वर्षभर त्याला प्रार्थनेत धरलं. प्रभू, त्या लाल सदऱ्याच्या माणसाले रस्त्यावर जप, तो जेवत होता तं त्याचे हात कापत होते.

हात कापत होते हे मला दिसलंच नव्हतं.

मग आला गेला नाताळ. आठवडाभर आधीच सोसायटीची नोटीस लागली, सुट्ट्यांत बाहेरचं कोणी वर आणू नये. ते एक झालं. दुसरं बायकोनं काढलं. ती म्हणाली, रस्त्यावरून माणूस आणाल, त्याच्यापुढं वाचन कराल, प्रार्थना कराल, आणि उद्या कोणी म्हटलं का हे लोक जेवणाच्या नावानं धर्म बदलवून राहिले, तर कोणाकोणाला समजावत फिरणार? दिवसच तसे आहेत. बाबांच्या वेळी पाऱ्यात कोणी विचारलं नाही, कारण पाऱ्याला बाबा ठाऊक होते. मला आठव्या मजल्यावर शेजारच्या फ्लॅटवाल्याचं आडनाव ठाऊक नाही.

मी आईला म्हणून पाहिलं, यंदा मंडळीत पैसे देऊन टाकू, ते कुठं तरी जेवण घालतील. ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, ठीक आहे, तुम्ही जेवून घ्या. तुम्ही. त्या शब्दातून तिनं स्वतःला वगळलं होतं. ऐंशी वर्षांची बाई, शुगर, बीपी, सकाळी रिकाम्या पोटी गोळ्या, आणि पाहुणा आला नाही तर ती दिवसभर जेवणार नाही हे मला सूर्य उगवतो इतकं पक्कं ठाऊक होतं.

म्हणून मी डोकं चालवलं. माझ्या डोक्यानं माझं जेवढं वाटोळं केलं, तेवढं आयुष्यात दुसऱ्या कोणी केलेलं नाही.

माझ्या ऑफिसातून निवृत्त झालेले एक बाबू आहेत. छत्तीसगढी गृहस्थ, देवभोळे, मदतीला कधी नाही म्हणत नाहीत. आईनं त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांचं नाव मी गेटवर आधीच देऊन ठेवलं, म्हणजे गार्ड खूश. शेजाऱ्यांनी विचारलं तर ऑफिसातले मित्र, म्हणजे बायको खूश. आणि आईसाठी ते वाटसरू. मी त्यांना अशी कहाणी पढवली की काय सांगू! बिलासपूरला निघालेले, गाडी चुकली, खिसा कापला गेला, चप्पलसुद्धा स्टेशनावर राहिली. चप्पल कशाला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, राहू द्या, चपलेनं गोष्टीला वजन येतं.

पंचवीस तारखेला दुपारी एक वाजता ते आले. अनवाणी. बूट त्यांनी खाली गाडीत ठेवले होते. आईनं दारात जाऊन त्यांना आत घेतलं, पाटावर बसता येत नसेल म्हणून खुर्ची दिली. मी पुस्तक उघडून बाबा वाचायचे तो भाग वाचला. माझा आवाज त्या दिवशी फार छान लागला, हेही सांगून टाकतो. आईनं डोळे मिटून प्रार्थना केली. दार ठोठावणारा कोणत्या रूपात येईल ते आम्हाले समजत नाही, प्रभू, पण तू यंदाबी आमच्या दारी आला, अशी. बाबू खाली मान घालून बसले होते.

मग वाढायला सुरुवात झाली आणि बाबूंनी कहाणी सुरू केली. कोणी विचारलं नव्हतं. इतक्या वर्षांत आमच्याकडं कोणत्या पाहुण्यानं काही सांगितलं नव्हतं, कारण भुकेल्या माणसाला पहिली दहा मिनिटं बोलायचं नसतं. बाबू गाडी चुकल्यापासून चपलेपर्यंत सगळं क्रमानं सांगत गेले, आणि मधेमधे माझ्याकडं बघत गेले, पाठांतर बरोबर आहे ना अशा नजरेनं. बोलता बोलता पोळीचा एक तुकडा त्यांनी रश्श्यात बुडवला, तो ताटाच्या कडेला ठेवला, पुन्हा बुडवला.

आईच्या हातात भाताची पळी होती. ती तशीच थांबली. तिनं त्यांच्या ताटाकडं पाहिलं, मग अगदी मायेनं विचारलं, ‘भैया, आप खाके आए हो न?’

बाबूंचा चेहरा पडला. सच्चा माणूस. मी दिलेली कहाणी त्यांना पेलली होती, पण एका म्हातारीचा सरळ प्रश्न पेलला नाही. ‘हाँ अम्मा,’ ते म्हणाले. ‘मैं समझा था सिर्फ बैठना है. सर ने बोला था आपका दिल रखने के लिए...’ 

माझी पोरगी, जी घरात मराठी ऐकते आणि उत्तर हिंदीत देते, ती एवढंच म्हणाली, ‘पापा, ये क्या किया आपने.’

आई रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं बाबूंना करंज्यांचा डबा भरून दिला, पायात काही नाही म्हणून माझ्या चपला पुढं केल्या. त्यांनी बूट खाली असल्याचं कबूल केलं. ते गेल्यावर तिनं पळी भातात ठेवली आणि खुर्चीत बसली. मला वाटलं, ती म्हणेल, माझ्या भुकेपायी केलं ना तू, जाऊ दे. तसं सांगायची माझीच तयारी सुरू होती.

‘झाडू मारणारी बाई,’ ती म्हणाली. ‘तेबी तूच आणली होती काय अशीच?’

मी म्हटलं, नाही, ती खरीच होती.

‘आन् लाल सदऱ्यावाला?’

मी शपथ घेतली. बाबांची घेतली, पोरीची घेतली, पुस्तकावर हात ठेवायला गेलो तेव्हा तिनं पुस्तक उचलून मांडीवर घेतलं.

‘मी सालभर त्याच्यासाठी मागत होती रे,’ ती म्हणाली. ‘रोज. कोणासाठी मागत होती मी?’

अस्वल, माकड, गंजलेली नाली, सगळं आयुष्य मी असंच बोलत आलो. लोक हसतात, मलाही बरं वाटतं. त्या दुपारी पहिल्यांदा मला एक गोष्ट कोणाला पटवून द्यायची होती आणि माझ्याकडं खरं दिसेल असं एकही वाक्य नव्हतं. जितका जोर लावला तितकी ती गोष्ट गोष्टच वाटत गेली. लाल टी-शर्टवाल्याचे हात मी पाहिले असते तर निदान तेवढं तरी सांगता आलं असतं. मी तेव्हा ते वाढणं लवकर संपावं म्हणून घड्याळ बघत होतो.

ती जेवली नाही. संध्याकाळी गोळीपुरतं दूध घेतलं. प्रार्थनेत तिनं खुणेनं कोणाला धरलं नाही. एवढंच म्हणाली, प्रभू, आज ज्याच्या ताटावर दुसरा बसला, त्याले कुठं तरी वाढ.

दुसऱ्या दिवशी मी डबा भरून स्टेशनच्या बाजूला गेलो. भिंतीशी एक माणूस बसला होता. डबा पुढं केला तर त्यानं आधी विचारलं, फोटो काढणार काय? मी नाही म्हटलं. मग कशाला देता, असं त्यानं विचारलं, भांडायला नाही, नुसतंच. बाबांना कोणी हे विचारलं असतं तर त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं असतं. माझ्या तोंडात ती वाक्यं होती, पाठ होती, पण ती म्हणायला मी घाबरलो. आजूबाजूला कोण ऐकत होतं कोणास ठाऊक. मी म्हटलं, घरी उरलं होतं. त्यानं डबा घेतला.

घरी येऊन आईला सांगितलं. काही वाढवलं नाही. भिंत सांगितली, माणूस सांगितला, मी काय बोललो तेही सांगितलं. ती माझ्याकडं बघून ‘हव’, म्हणजे हो, एवढंच म्हणाली. लहानपणी मी शाळेतून येऊन काय वाट्टेल ते सांगायचो तेव्हा म्हणायची, तसंच.

आता पुन्हा डिसेंबर आहे. पोरीनं बाल्कनीत तारा लावलाय. आईचं चालणं वर्षभरात कमी झालंय, लसूण बायको सोलते. परवा मी धीर करून विचारलं, आई, ताट मांडायचं ना यंदा?

ती म्हणाली, ‘माझ्यासाठी नको मांडू. त्याच्यासाठी मांडता येत असंल तुले, तं मांड.’

त्या दिवसापासून रोज ऑफिसातून येताना मी गेटवर गाडी हळू करतो. गार्ड मला सलाम करतो. गेली सात वर्षं तो मला सलाम करतो आहे. तो दुपारी काय खातो, खातो का, हे मी अजून पाहिलेलं नाही, आणि काच खाली करायला हात पुढं होत नाही.