आता हेच इंग्रजीत सांग

टॅक्सी सोसायटीच्या गेटशी उभी होती आणि बाबा तिच्या मागच्या चाकावर बुटाचं टोक दाबून हवा तपासत होते. ड्रायव्हर बिचारा बाजूला उभा. गाडी त्याची, चाक त्याचं, पण दुसऱ्याचं काम तपासल्याशिवाय बाबांना चैन पडत नाही. आईने शेवटच्या क्षणी मेतकुटाची पुडी माझ्या पिशवीत कोंबली, "पोचलीस की फोन कर, नुसता मेसेज नको," असं तिसऱ्यांदा सांगितलं आणि ती चष्मा पुसत राहिली. मला मुंबईचा विमानतळ गाठायचा होता. तिथून जॉर्जिया नावाच्या देशातल्या एका खेड्यात, तिथल्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंची मदतनीस म्हणून, वर्षभर बिनपगारी काम करायला मी निघाले होते. बाबा खिडकीशी वाकले. आता काहीतरी बोलतील असं वाटलं, आणि बोललेही.

"तिकडच्या मुलांनी असं काय पाप केलंय?"

ड्रायव्हर हसला, मी हसले, चष्मा पुसता पुसता आईसुद्धा हसली. पौड रोड मागे पडला तरी मी हसतच होते. आमच्या घरात आशीर्वाद असाच मिळतो. ज्याला टोमणा मिळत नाही त्याने काळजी करावी, कारण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही, असा हिशोब. तुमच्यापैकी जे कोथरूडात वाढले त्यांना हे समजावून सांगायला नको. जे माझ्यासारखे लांब गेले त्यांनाही नको, पण त्यांना एक विचारायचं आहे. तिकडे गेल्यावर तुमची जीभ बदलली का? माझी बदलली नाही. सगळं तिथून सुरू झालं.

खराडीत मी आठ वर्षं सॉफ्टवेअर तपासायचं काम केलं. इतरांनी लिहायचं, मी त्यातल्या चुका काढायच्या. वडिलांचा व्यवसायच पुढे चालवते आहे, असं आई म्हणायची. बाबा एका शाळेत इंग्रजी शिकवत आणि संध्याकाळी घरच्या हॉलमध्ये क्लास घेत. सतरंजीवर वीस-बावीस मुलं, बाबा खुर्चीत, आणि कोपऱ्यात मी, सहावीपासून दहावीपर्यंत. एखादा मुलगा उभा राहून धडधडत्या छातीने इंग्रजीत चार वाक्यं बोलायचा. बाबा शेवटपर्यंत शांतपणे ऐकायचे. मग म्हणायचे, "छान. आता हेच इंग्रजीत सांग."

हॉल हसून दणाणून जायचा. तो मुलगाही हसायचा. आमच्याकडे बोर्डात इंग्रजीत पहिली आलेली मुलंसुद्धा याच वाक्यातून पार पडली होती आणि पेढे द्यायला आल्यावर आठवण काढून तेच वाक्य म्हणून दाखवायची. तोंडावर कौतुक केलं की पोरं शेफारतात, असं बाबांचं ठाम मत. मला दहावीला इंग्रजीत चांगले मार्क पडले तेव्हा त्यांनी गुणपत्रिका उलटून मागची कोरी बाजू पाहिली आणि म्हणाले, "उरलेले इकडे छापलेत का?" मी तो किस्सा कॉलेजात अभिमानाने सांगत असे.

जॉर्जियातलं ते गाव डोंगराच्या कुशीत होतं. वर्गाच्या मधोमध लोखंडी शेगडी, तिच्यात लाकडं, आणि तिच्याभोवती मुलांचे ओले कोट वाळत घातलेले. इंग्रजीच्या बाई, नीनो, पन्नाशीच्या होत्या. मी त्यांच्याच घरी राहत असे. मुलं शिक्षकांना "मास" म्हणतात. पहिल्या आठवड्यात तीस जणांनी मिळून इतक्यांदा "मास, मास" केलं की झोपेतही ऐकू यायचं. मला तिथे फार आवडलं. खोटं कशाला सांगू, खराडीच्या आठ वर्षांत कुणी माझी अशी वाट पाहिली नव्हती.

तेक्ला अकरा वर्षांची होती. आई इटलीत कुणा म्हाताऱ्या बाईंची सेवा करायला गेलेली, ही आजोबांकडे. पाठ्यपुस्तकातले उतारे बाकीची मुलं वाचत, पण स्वतःचं वाक्य स्वतः जुळवून बोलणारी वर्गात ती एकटी. नोव्हेंबरात नीनोबाईंनी 'माझं घर' हा विषय दिला. तेक्लाने दोन पानं लिहून आणली. कुणाची मदत न घेता, शब्दकोश पुढे ठेवून. शेगडीपाशी उभी राहून तिने ती दोन्ही पानं वाचली. क्रियापदं कुठेही, काळ कुठलेही, पण थांबली नाही. संपवून तिने माझ्याकडे पाहिलं. मला तिचं इतकं कौतुक वाटलं की काय बोलू असं झालं, आणि जे पिढीजात होतं ते तोंडातून आलं. मी हसून म्हटलं, "छान. आता हेच इंग्रजीत सांग."

हेही इंग्रजीतच म्हटलं. ज्यांना कळलं ते हसले, त्यांनी बाकीच्यांना सांगितलं, मग तेही हसले. माझ्या कानाला तो हशा घरच्या हॉलमधला वाटला. मी तेक्ला हसायची वाट पाहत होते. तिने पानांची घडी घातली, ती आणखी एकदा दुमडून लहान केली आणि खाली बसली.

त्यानंतर ती इंग्रजीत एक शब्द बोलली नाही. लेखी सगळं बिनचूक. विचारलं की मान हलवायची. नीनोबाईंना आधी वाटलं घसा बसलाय. दोन आठवड्यांनी त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवून विचारलं की त्या दिवशी तू तिला काय म्हणालीस. मी विनोद समजावून सांगितला. विनोद समजावून सांगताना तो केवढासा उरतो, ते तेव्हा कळलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पण ती इंग्रजीतच बोलत होती."

मी तेक्लाची माफी मागितली. वर्गाबाहेर, तिला एकटीला गाठून, तिच्या भाषेत पाठ करून. तिने नम्रपणे मान हलवली आणि ती निघून गेली. काही बदललं नाही. नीनोबाईंचं म्हणणं पडलं की जे सगळ्यांसमोर बोललीस ते सगळ्यांसमोरच परत घ्यावं लागेल, कोपऱ्यात नाही. आणि तशी संधी त्या लोकांच्या रीतीतच होती. तिथे मोठं जेवण असलं की एकेकाने उठून हातात पेला घेऊन बोलायचं असतं. आधी गेलेल्या माणसांसाठी, मग समोर बसलेल्यांसाठी. समोरच्या माणसाकडे बघून, त्याच्या तोंडावर, त्याच्यात काय चांगलं आहे ते सरळ सांगायचं. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्यायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला लाजेने खाली बघावंसं वाटलं होतं. आमच्याकडे माणूस मेल्याशिवाय त्याच्याबद्दल असं कुणी बोलत नाही.

जूनमध्ये शाळा संपली त्या दुपारी आवारात टेबलं मांडली. आठवडाभर मी त्यांच्या भाषेतली तीन वाक्यं घोकली होती. तेक्ला, तू लिहिलेलं सुंदर होतं. मी चूक केली. मला तुझा अभिमान वाटतो. माझी पाळी आली, मी उठले. समोर तेक्ला, शेजारी टोपी मांडीवर घेतलेले तिचे आजोबा, सगळं गाव माझ्याकडे बघतंय. मी तिचं नाव घेतलं आणि पुढचं वाक्य म्हणवेना. इतकं उघडं, इतकं गोड मी आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं, कुणी मला म्हटलं नव्हतं. ती शांतता मला सोसेना. मी म्हणाले, "तेक्ला माझी सर्वांत हुशार विद्यार्थिनी. वर्षभर बोललीच नाही, त्यामुळे एकही चूक झाली नाही."

लोक हसले. पेले उंचावले गेले. नीनोबाई टेबलाकडे बघत राहिल्या. ऑगस्टमध्ये तेक्लाला तिच्या आईने इटलीला नेलं.

मी पुण्याला परतले नाही. आईबाबांना सांगितलं की तिबिलिसीत, म्हणजे तिथल्या राजधानीत, एका शाळेत पगारी नोकरी मिळाली आहे. ते खरंही होतं. पण खरं कारण असं की त्या मुलीला गप्प करून घरी जाऊन मेतकूट-भात खायला माझं मन धजावेना. कुठल्याही वर्गात एखादं मूल वाचायला उभं राहिलं की मी आता ओठ मिटून घेते. मूल थांबतं, मी लगेच काही बोलत नाही, आणि त्या मधल्या दोन क्षणांत ते वाक्य माझ्या दातांमागे येऊन उभं असतं. बाबांच्या आवाजात.

गेल्या हिवाळ्यात घरी आले होते. बाबांच्या गोळ्या आणायला कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले, तर रांगेतला एक चाळिशीचा माणूस म्हणाला, "तू सरांची मधुरा ना? मी निखिल. तिसऱ्या रांगेत बसायचो, पंख्याखाली." खराडीत आहे म्हणाला, बारा वर्षं. मी सहज विचारलं, टीम लीड वगैरे असशील. तो हसला. "छे गं. लीड झालं की क्लायंट कॉल घ्यावे लागतात. मी आपला म्यूटवर बरा. तोंड उघडलं की सर मागून म्हणतात, छान." हे सगळं हसत हसत सांगितलं, क्लासमध्ये हसायचा तसंच. मग गोळ्या घेऊन निघताना मागे वळून म्हणाला, "सरांना सांगू नकोस हं. सर ग्रेट आहेत."

तो हॉल, ती सतरंजी, तो दणदणीत हशा, हे माझं बालपण होतं. परदेशात एकटं वाटलं की मी तिथे जाऊन बसायचे. आता तिथे गेलं की मला हसणारी वीस तोंडं दिसतात आणि एक उभा राहिलेला मुलगा, आणि तो कशाला हसतोय हे मी एकदाही नीट पाहिलेलं नाही.

सांगू नकोस म्हटलं होतं तरी मी सांगितलं. बाबा जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत होते. "निखिल? उच्चार स्वच्छ होते त्याचे," ते लगेच म्हणाले. "त्या बॅचमध्ये सर्वांत स्वच्छ."

"हे त्याला कधी सांगितलंत?"

"सांगायचं काय त्यात?"

मग मी तेक्लाचं सगळं सांगितलं. वर्गातलं, जेवणातलं, इटलीचं. आता एखादा टोमणा येईल आणि मी पहिल्यांदाच त्याला हसणार नाही, अशी तयारी ठेवून. बाबा मटार सोलत राहिले. शेंगांकडे बघतच म्हणाले, "ते वाक्य माझं नाही."

बाबा मूळचे वाशीमचे. शिकायला म्हणून एकोणिसाव्या वर्षी पुण्यात आले, एवढंच आम्हाला माहीत. त्या दुपारी पुढचं कळलं. हातात ट्रंक घेऊन त्यांनी कसबा पेठेत एका घराची कडी वाजवली आणि भाड्याने खोली मिळेल का असं विचारलं, त्यांच्या घरच्या बोलीत. आतल्या गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, छान, आता हेच मराठीत सांगा. ओट्यावर दोघंतिघं बसली होती, ती हसली. "मीही हसलो," बाबा म्हणाले. "खोली मिळाली. चार वर्षं राहिलो. माणसं वाईट नव्हती, आजारात त्यांनीच केलं माझं."

मला आठवलं की मी बाबांना वाशीमच्या बोलीत बोलताना एकदाही ऐकलेलं नाही. आजी फोनवर तिच्या बोलीत बोलायची आणि बाबा छापील मराठीत उत्तरं द्यायचे. तिला ते परकं वाटत असणार. पण तसं ती कधी म्हणाली नाही.

"तुम्ही काय म्हणाला होतात, बाबा? त्या दारात?"

"मी म्हणालो..." ते थांबले. हातातली शेंग खाली ठेवली. "मले..." पुन्हा थांबले. ओठ हलले, पुढचं काही येईना. आई ओट्यापाशी पोळ्या लाटायची थांबून बघत होती. एवढा भाषेचा मास्तर, आणि घरचं एक वाक्य सापडेना. शेवटी ते म्हणाले, "माझं नाही आठवत. त्यांचंच आठवतं."

मग त्यांनी विचारलं, "त्या मुलीला पत्र लिहिलंस का?" मी नाही म्हटलं. "लिही," म्हणाले. पुढे काही जोडलं नाही. टोमण्याशिवाय संपलेलं त्यांचं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं आणि मला रडू आलं.

तिबिलिसीला परतून मी नीनोबाईंकडून तेक्लाचा पत्ता मागवला. बाई म्हणाल्या, तिकडच्या शाळेतही ती गप्प असते, आईला वाटतं नवी भाषा आहे म्हणून. मी कागद घेऊन बसले. मोघम गोड लिहायचं नव्हतं. तुझ्या दोन पानांतलं अमुक वाक्य सुंदर होतं, ते मला असं असं दिसलं, असं नेमकं लिहायचं होतं. कुणी कोथरूडचं भेटलं की मी अजून घराबद्दल भरभरून बोलते, गच्ची, गुलमोहर, हॉल, सगळं सांगते. तेक्लानेही तेच केलं होतं. म्हणून मी आठवायला लागले. शेगडी आठवली, ओल्या कोटांचा वास आठवला, तिने घातलेली घडी आठवली, माझा आवाज तर अक्षर न् अक्षर आठवला. तिच्या दोन पानांतलं एक वाक्य आठवेना. घराला अंगण होतं का, आईची खोली कुठली, खिडकीतून काय दिसायचं, काही नाही. कागद अजून तसाच आहे, वर फक्त तिचं नाव. ती उभी राहून मला तिचं घर सांगत होती, आणि मी तिचं संपायची वाट पाहत होते.