पदराआडचा समुद्र

राजकुंवर लग्न होऊन जळगावात आली त्याला अकरा वर्षं झाली, आणि या अकरा वर्षांत सासऱ्यांची ओळख तिला होती ती त्यांच्या पायांवरून. सुरेशचंदांच्या उजव्या अंगठ्याचं नख काळं होतं, एवढं तिला पक्कं ठाऊक. मारवाडी घरचा रिवाजच तसा. सासरे समोर आले की घुंघट हनुवटीपर्यंत आणि बोलणं बंद. काही सांगायचं तर सासूबाई जतनबाईंमार्फत. त्या नसल्या की सुरेशचंद भिंतीकडे बघून म्हणायचे, "पाणी मिळालं तर बरं." पाणी यायचं. भिंतीने इतकी वर्षं इमानेइतबारे निरोप पोचवले.

१९६९ साली बाजारातल्या व्यापाऱ्यांनी यात्रेची बस काढली. दुकान सांभाळायला नवरा मागे राहिला. कुंभोजच्या जैन तीर्थाचं दर्शन झालं की बस गोव्याला जाणार होती, आणि राजकुंवरने समुद्र कधी पाहिलाच नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी नशिराबादहून दूध घालायला येणाऱ्या धुरपदाबाईने बजावलं, "भाभी, समुद्र आपला वाघूर नदीना पूरपेक्षा मोठा शे का, नीट देखी ये. मंग माले सांग."

गोव्यात पोचेपर्यंत दुपार कलली. सूर्यास्ताच्या आत जेवण उरकायलाच हवं, म्हणून किनाऱ्यावर जाणं रद्द झालं. राजकुंवरचं तोंड उतरलं. घुंघटात ते दिसणार कोणाला? राहिलं ते टेकडीवरचं नामांकित चर्च. गाइड म्हणाला, "घुमटावर चढा, समुद्र तिथूनही दिसतो."

जतनबाईंचे गुडघे पायऱ्या बघूनच दुखायला लागले. "बिंदणी, तू जाऊन ये," त्या सुनेला म्हणाल्या. तिला पंख फुटले. तेवढ्यात सुरेशचंदांनी चर्चच्या खांबाला सांगितलं, "सून एकटी कशी जाणार?" आणि ते पुढे झाले. माणूस भला होता, हाच तर घोटाळा.

जिना अंधारा, जेमतेम एका माणसापुरता. वर एकच अरुंद खिडकी. बाकीचे बघून उतरून गेले होते. सुरेशचंद खिडकीत उभे राहिले ते उभेच राहिले. मागे राजकुंवर खाली मान घालून. खारा वारा पदराला लागत होता आणि तिला दिसत होतं काळं नख. बराच वेळ काळं नख. तिला असा राग आला की आपल्याच रागाची तिला लाज वाटली.

मग तिच्या लक्षात आलं, पाय थरथरतायत.

"खाली बघायला नको होतं," सुरेशचंद मान वळवून भिंतीला म्हणाले. "पाय उचलत नाही."

तिला बोलता येईना. हात धरणं तर दूरच. जतनबाई खाली, हाक मारून ऐकू न येण्याइतक्या खाली. शेवटी तिने डोक्यावरचा पदर काढला आणि त्याचं टोक त्यांच्या हाताला लागेल असं धरलं. उघड्या डोक्याने तिने वर पाहिलं. सुरेशचंदांनी डोळे गच्च मिटले होते, भीतीने आणि मर्यादेनेही. घामाने डबडबलेला म्हातारा चेहरा, आणि त्या चेहऱ्याने अख्खी खिडकी भरलेली. त्यांनी चाचपडत टोक मुठीत धरलं. ती वळली आणि अंधारात पायरी शोधू लागली.

अर्ध्या जिन्यात ते मटकन बसले. दम घेऊन भिंतीला म्हणाले, "माझे डोळे मिटलेलेच आहेत. मी बसतो इथे. ज्याला समुद्र बघायचाय, त्याने वर जाऊन यावं."

भिंतीला चिकटून, त्यांना ओलांडून राजकुंवर वर निघाली. एक पायरी, दोन पायऱ्या. पदर ताणला गेला. सुरेशचंदांची मूठ उघडली नव्हती.

"सुटत नाही," ते रडवेल्या आवाजात म्हणाले.

खाली बसचा भोंगा वाजला. ती एक पायरी परत उतरली आणि मूठ सैल होईपर्यंत त्यांच्या वरच्या पायरीवर बसून राहिली. मग दोघं खाली आले.

जळगावला परतल्यावर दुसऱ्याच सकाळी धुरपदाबाई दारात हजर. "भाभी, मोठा शे का वं?"

ओट्यावर सुरेशचंद पेपर वाचत होते. त्यांच्यासमोर सुनेने बोलायचं नसतं. राजकुंवर दुधाचं पातेलं धरून तशीच उभी राहिली. पेपर खाली आला नाही.

"मोठा आहे म्हणावं," सुरेशचंद भिंतीला म्हणाले.

राजकुंवरने घुंघटातूनच मान हलवली.