शेजारच्या पाटावरचा मोबाइल

पिंगळीला सासुरवाडीत धोंड्याचं जेवण होतं. अधिक महिन्यात जावयाला बोलवायचं, त्याचे पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे अन् कपडे करायचे, ही आमच्याकडची रीत. मी थोरला जावई. खाडा करून गेलो, तर माझ्या शेजारच्या पाटावर तांब्याला टेकवून मोबाइल उभा केलेला. आत धाकटा साडू, थेट इंग्लंडातून हात हलवायलाय.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माणूस जागेवर नाही, तरी त्याचा पाट मांडायचा? वर त्याच्यापुढं सफारीचं कापड, अन् माझ्यापुढं नुसतं शर्टपीस!

आम्ही दोघंही वेल्डर. परभणीच्या एकाच आयटीआयचे, तो माझ्या मागून. जिंतूर रोडच्या ट्रॉल्यांच्या कारखान्यात त्याला मीच चिकटवला होता. मग तिकडच्या एका कंपनीच्या मालकानं स्वतः हमी घेऊन त्याला व्हिसा काढून दिला, अन् गडी उडाला. तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. बायको पोळी वाढता वाढता सांगणार, "धाकटीच्या घरी एसी बसवायलेत." गिळू का नको, असं व्हायचं मला. जोड माझा सरस, हे अख्खा कारखाना सांगेल. पगार मात्र त्याला, तोही पौंडात. जळत होतो मी, उगं खोटं कशाला बोलू?

माझी सगळी भिस्त फोरमनच्या जागेवर होती. जुना फोरमन सोडून गेल्यापासून शेठ म्हणायचे, "तुझाच विचार हाय माझ्या डोक्यात." ती जागा एकदा मिळाली की सासुरवाडीत मान वर करून बसणार होतो.

सासूबाईंनी माझे पाय धुतले, मग मोबाइलकडं वळल्या. आधी त्याच्या कपाळाच्या जागी कुंकू टेकवलं. आता पाय कुठले धुवायचे? बाईंनी तांब्यात बोट बुडवून मोबाइलच्या खालच्या अंगाला लावलं, ते नेमकं लाल बटनावर. फोन बंद! मी ताटात मान घालून पोट दुखेस्तोवर हसलो.

त्यानं परत फोन लावला. तोंड उतरलेलं.

"मामी, राहू द्या ते. मी परत यायलोय."

तिकडच्या सरकारनं नियम बदलला होता. बाहेरचा कारागीर ठेवायचा तर मालकानं त्याला ठरवून दिलेला वाढीव पगार द्यायचा, नाही तर व्हिसा वाढणार नाही. मालक म्हणाला, मला परवडत नाही. अन् दुसरा मालक काही मिळाला नाही.

मेहुणी, म्हणजे त्याची बायको, पदर तोंडाला लावून आत गेली. मी "अरेरे, लय वाईट झालं" म्हणालो अन् आणखी एक धोंडा मागून घेतला. तूपही जास्तीचं घेतलं. इतकं गोड जेवण मला त्या घरात कधीच लागलं नव्हतं.

परत आल्यावर तो माझ्या दारात आला. "साडूभाऊ, शेठकडं शब्द टाका ना माझ्यासाठी. घरी बसवत न्हाई." काय सांगू, छाती फुगली माझी. म्हणलं, चल, मी हाय ना! माझ्याच गाडीवर मागं बसवून त्याला घेऊन गेलो, तेही मुद्दाम बाजारातून.

केबिनमध्ये शिरलो, तर शेठ खुर्चीतून उठले. माझ्यासाठी नाही.

"या या, इंग्लंडवाले! बसा. काय पगार होता हो तिकडं?"

त्यानं खाली मान घालून आकडा सांगितला. शेठ बघतच राहिले.

"तेवढा तर आमच्यानं होणार न्हाई. पण फोरमनची जागा रिकामी हाय. चालंल का?"

साडूनं माझ्याकडं पाहिलं. "साडूभाऊंना विचारा आधी."

"त्याला काय विचारायचं? तो घरचाच माणूस हाय," शेठ हसले, अन् माझ्याकडं वळून म्हणाले, "जाता जाता चहा सांग रे. दोन."