नावं हलली, तारखा जागेवर

मोठ्या बाईंचा गुडघा गेला तेव्हा आरोग्य कार्यालयात सगळे धरूनच चालले की आता बाई घरी बसणार. उभी हयात त्यांनी लशीचा डबा खांद्याला अडकवून गल्ल्या पालथ्या घातलेल्या, बाळांच्या मांड्यांना सुया टोचलेल्या. जिने चढता येत नाहीत म्हटल्यावर उरलं काय? बाईंना मात्र तसं काही वाटलं नाही. त्या सरळ डॉक्टरसाहेबांच्या खोलीत गेल्या, कोणी बसा म्हणायच्या आत खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "साहेब, गुडघा गेलाय, डोकं जागेवर आहे. मला बसून करायचं काम द्या."

बसून करायचं काम एकच होतं. कोपऱ्यात एक कॉम्प्युटर होता, त्यावर कापड झाकलेलं असायचं आणि सगळे त्याला मोठ्या घरच्या पाहुण्यासारखं वागवायचे. दुरून बघायचं, हात लावायचा नाही. साहेब चाचरत म्हणाले, "बाई, तुम्हाला हे जमेल?"

"रडणाऱ्या पोराला धरून सुई टोचायला जमलं, साहेब. हे तर रडतही नाही," बाई म्हणाल्या आणि उठून कापड काढलं.

आता यावर कोणी म्हणेल, वा, बाई काय हुशार. कसल्या हुशार! माऊस टेबलाच्या कडेला पोचला की आता पुढे न्यायचा कुठे म्हणून त्या तो तसाच दाबून धरून बसायच्या. उचलून मागे आणला तरी चालतो, हे कळल्यावर त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी नवऱ्याला ते सांगितलं, एखादा शोध लावल्यासारखं. आणि फायली तर विचारूच नका. लिहायचं, सेव्ह करायचं, बंद करायचं, आणि मग शोधत बसायचं. समोरचा पडदा सगळा फायलींनी भरून गेला, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखा. एका फायलीचं नाव 'नवीन', दुसरीचं 'नवीन नवीन', तिसरीचं 'फायनल', चौथीचं 'खरी फायनल'. त्यातली खरी कुठली, हे खुद्द बाईंना सांगता येत नसे.

एका संध्याकाळी त्या फणफणत घरी आल्या. नवरा शिंपी, पुढच्या खोलीतच दुकान. तो ब्लाऊजला हातशिलाई घालत होता. बाईंनी पिशवी आपटली आणि म्हणाल्या, "अहो, दिवसभर लिहिलेलं त्या मेल्या यंत्राने गिळलं."

"गिळलं कशाला? असेल तिथंच," तो मान वर न करता म्हणाला. "नाव काय दिलं होतंस?"

"यादी."

"कसली यादी? कुठल्या गल्लीची? कुठल्या महिन्याची?" त्याने मागच्या फळीकडे बोट केलं. तिथे कापडांचे गठ्ठे होते आणि प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली होती, कोणाचं, काय शिवायचं, कधी द्यायचं. "अगं, चिठ्ठी नसेल तर कापड कोणाचंच नाही. मी जर प्रत्येक गठ्ठ्यावर 'कापड' एवढंच लिहिलं असतं, तर लोकांनी मला बडवलं असतं."

बाईंनी फळीजवळ जाऊन दोन-तीन चिठ्ठ्या वाचल्या.

दुसऱ्या दिवसापासून पडदा साफ. वर्षाचा एक फोल्डर, त्यात महिन्यांचे, त्यात वस्त्यांचे. फायलीच्या नावात आधी काय आहे ते, मग कुठलं, मग तारीख. 'नवीन' आणि 'फायनल' या शब्दांना कार्यालयात बंदी. "नवीन म्हणजे काय? उद्या ते जुनं होणारच आहे. तुमचं-माझं झालं नाही का?" असं त्या सगळ्यांना ऐकवायच्या. कुठल्याही फायलीला हात लावायच्या आधी तिची प्रत काढून 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची, हा त्यांचा दुसरा दंडक. आणि तिसरा, यंत्राने पडद्यावर काही विचारलं की वाचल्याशिवाय 'हो' म्हणायचं नाही. "दारावर कोणी आलं तर न विचारता आत घेता का? मग?"

हळूहळू सगळे त्यांच्याकडे शिकायला यायला लागले. रक्त-थुंकी तपासणारे लॅबवाले आले, बाईंच्या जागी आता गल्ल्यांत फिरणाऱ्या धाकट्या बाई आल्या, एकदा तर खुद्द साहेब दार लोटून घेऊन हळूच विचारायला आले की पेनड्राईव्हवर नेलेली फाईल तिकडे उघडत का नाही. बाईंनी बघितलं. साहेबांनी फाईल नेलीच नव्हती, फाईलकडे नेणारी बाणाची खूण तेवढी नेली होती. "साहेब, घर सोडून घराचा पत्ता घेऊन गेलात की," बाई म्हणाल्या, आणि साहेब इतके हसले की बाहेर ऐकू गेलं. शिकवताना बाई रागवायच्या, टपल्या मारायच्या तेवढ्या बाकी राहायच्या, पण शिकलेलं कोणी विसरत नसे.

तर असं सगळं झकास चाललेलं असताना ती यादी आली.

झालं असं की कापडगिरणीच्या मागच्या खोल्यांमध्ये लसीकरणाचं सत्र ठेवलं होतं. तिथली माणसं कामासाठी या गावातून त्या गावात हलणारी. लसीची कार्डं निम्म्यांची हरवलेली, त्यामुळे कोणत्या बाळाला काय द्यायचं, हे कार्यालयाची सगळ्या वस्त्यांची एकत्र यादी सांगेल तेच खरं. सत्राच्या आदल्या दिवशी, घरी निघायच्या वेळेला साहेब म्हणाले, "बाई, यादीतली नावं अक्षरांच्या क्रमाने लावून देता का? धाकट्या बाईंना शोधायला सोपं जाईल."

"त्यात काय, हातचा मळ," बाई म्हणाल्या. पर्स एका खांद्यावर होतीच. मूळ यादीची प्रत ठेवली, सवयच ती. मग नावांचा रकाना निवडला आणि क्रम लावायचं बटण दाबलं. यंत्राने एक चौकट दाखवून काहीतरी विचारलं. बाईंनी वाचलं नाही, टिचकी मारली, सेव्ह केलं, छापून धाकट्या बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि घरी गेल्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या बाई गिरणीकडे निघून गेल्यावर लॅबवाले चहाचा कप घेऊन बाईंच्या टेबलाशी आले. त्यांना जुळ्या मुली झाल्या होत्या आणि ते त्यांच्याबद्दल बोलायला निमित्तच शोधत असायचे. "माझ्या पोरींचा पुढचा डोस कधी, बघा ना." बाईंनी ऐटीत यादी उघडली. एकीचं नाव वरच्या बाजूला सापडलं, दुसरीचं पार खाली. एकीची जन्मतारीख मार्चातली, दुसरीची जुलैतली.

लॅबवाले हसत म्हणाले, "बाई, आमची मंडळी जुळ्यांना इतका वेळ घेईल असं वाटत नाही हो."

बाई हसल्या नाहीत. त्यांच्या ध्यानात आलं की यंत्राने काल विचारलं होतं, नावांबरोबर बाजूचे रकानेही हलवू का? आणि आपण 'नको' म्हणून बसलो. नावं हलली, तारखा जागेवर राहिल्या. एकाचं नाव, दुसऱ्याचा वाढदिवस, सगळ्या यादीभर. आणि ती छापलेली यादी घेऊन एक नर्स या क्षणी सुई हातात धरून बसलेली आहे.

फोन लावला. वाजत राहिला. सुई टोचताना फोन पिशवीत ठेवायचा, हेसुद्धा बाईंनीच धाकट्या बाईंना शिकवलेलं होतं.

इथे एखादा डोक्याला हात लावून बसला असता. बाईंनी 'मूळ' फोल्डर उघडला, कालची प्रत घेतली, सगळे रकाने एकत्र निवडून क्रम लावला, जुळ्यांच्या तारखा एक झालेल्या बघितल्या, दोन प्रती छापल्या. मग साहेबांच्या दारात उभं राहून म्हणाल्या, "साहेब, कालची यादी चुकीची गेली. चूक माझी आहे. गाडी द्या, मी स्वतः जाते."

"बाई, ड्रायव्हरला पाठवतो ना, तुमचा गुडघा..."

"यादी गुडघ्याने नाही बिघडवली," बाई म्हणाल्या आणि निघाल्या.

गाडी गिरणीच्या मागे पोचली तेव्हा अंगणात आया रांगेत बसल्या होत्या. धाकट्या बाईंना बाजूला घेऊन मोठ्या बाईंनी आधी एकच विचारलं, कोणाला चुकीचं टोचलंय का? नव्हतं. आतापर्यंत आलेल्यांपैकी बहुतेकांकडे कार्डं होती, आणि धाकट्या बाई आधी कार्ड बघायच्या. बाईंनी इतका मोठा श्वास सोडला की रांगेतलं एक मूल त्यांच्याकडे बघायला लागलं.

"पण एकीला परत पाठवली," धाकट्या बाई म्हणाल्या. "कार्ड नव्हतं. ती म्हणत होती, मुलगी नऊ महिन्यांची झाली, गोवराची लस द्या. यादीत तिचे आठच निघत होते. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात या. ती भांडली हो माझ्याशी. म्हणाली, पुढच्या महिन्यात आम्ही इथे नसणार, आज दुपारच्या गाडीने चाललो."

मोठ्या बाईंनी नव्या यादीत बघितलं. मुलीला नऊ महिने पूर्ण झाले होते. आज चुकलं तर ती कुठल्या गावात जाईल, तिथे कोण तिला विचारेल, काही सांगता येत नव्हतं. गोवर मात्र कोणाला विचारून येत नाही, आणि गोवराने तडफडलेली मुलं बाईंनी पाहिलेली होती.

"खोली कुठली?"

"तिसऱ्या मजल्यावर. तुम्ही थांबा, मी जाते."

"तू ही नवी यादी घेऊन रांग बघ. एक डबा इकडे दे."

कठड्याला धरून, एकेक पायरी दोन्ही पायांनी चढत, मधल्या प्रत्येक वळणावर यंत्राला, स्वतःला आणि जिने बांधणाऱ्याला शिव्या घालत बाई वर गेल्या. दार उघडंच होतं. गाठोडी बांधून ठेवलेली, भांडी पोत्यात, आणि एक तरुण बाई मुलीला कडेवर घेऊन खोलीत काही राहिलं का ते बघत होती.

"मी आरोग्य कार्यालयातून आले," मोठ्या बाई धापा टाकत म्हणाल्या. "तुमचं बरोबर होतं. आमची यादी चुकली होती. यादी मी केली, चूक माझी. लस घेऊन आलेय."

ती हसलीही नाही आणि बसा म्हणालीही नाही. "मी सकाळी खाली तेच सांगत होते," ती म्हणाली. "माझ्या पोटची पोर आहे. तिचा दिवस मला माहीत नसेल? त्या म्हणाल्या, यादीत तसं नाही. यादीने जन्म दिलाय का हिला?"

आईचं बोलणं मनावर घेऊ नका, यादी सांगेल तेच धरा, हे धाकट्या बाईंना त्यांनीच बजावलं होतं, आणि एकदा नाही, दहादा.

"नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून आता तुम्ही सांगायचं आणि मी यादीत बघायचं. जन्म कधीचा?"

तिने तारीख सांगितली. वार सांगितला, आणि त्या दिवशी गिरणीत कामाची पाळी कुठली होती तेही सांगितलं. बाईंनी यादीतल्या ओळीवर बोट ठेवलं, मुलीचं नाव, तारीख. जुळली. आईने स्वतः वाकून ते बोट कुठे आहे ते बघितलं आणि मगच मुलीला घेऊन गाठोड्यावर बसली.

किती तरी दिवसांनी बाईंनी सुई हातात धरली होती. हात जराही हलला नाही. मुलीने आधी बाईंकडे नीट बघून घेतलं आणि मग खोली दणाणून सोडली.

बाईंनी नवं कार्ड लिहिलं, पुढच्या डोसची तारीख मोठ्या अक्षरांत घातली आणि म्हणाल्या, "हे जपून ठेवा. जाल तिथे दाखवा."

"ठेवते," ती म्हणाली. "पण तारीख तोंडानेही सांगा, पाठ करते. तुमच्या कागदावर माझा भरवसा नाही."

ते बाईंना लागलं. लागायलाच हवं होतं. त्यांनी तारीख सांगितली. मुलीला थोपटत थोपटत आई ती पुटपुटत राहिली, आणि ती नीट पाठ होईपर्यंत मोठ्या बाई तिथेच, दुखऱ्या गुडघ्यावर उभ्या राहिल्या.