घरच्या माणसाचं नाव

सगळ्यात आधी कंडक्टर ताईंचं सांगते. त्या नसत्या तर त्या सकाळी बीडच्या स्टँडवरून मी कुठं गेले असते, हे मला अजूनही सांगता येत नाही. ताई आमच्या सिरसाळ्याच्याच, आईच्या मैत्रीण. एसटीत कंडक्टर, म्हणून बीडला खोली करून राहायच्या. सॉफ्टबॉलच्या शिबिराला मला राहायला जागा नव्हती, तर त्यांनी आपल्या खोलीत ठेवून घेतलं. ड्यूटीवर जाताना माझ्यापुरती भाकरी झाकून ठेवायच्या.

नववीनंतर माझी शाळा सुटली, खेळ मात्र सुटला नव्हता. पिचिंग मला जमायचं. हात खालून फिरवून टाकलेला माझा बॉल मोठमोठ्या पोरींच्या बॅटला लागायचा नाही. पण नुसतं जमून भागत नाही. आमच्या खेळात जिल्हा संघटना म्हणजे सगळं. मैदान तीच मिळवणार, पंच तीच बोलावणार, राज्य स्पर्धेला संघ तीच पाठवणार. शाळा सोडलेल्या पोरीला तर दुसरी वाटच नाही. मला एकदा तरी जिल्ह्याकडून खेळायचं होतं, बाकी काही नको होतं.

निवड चाचणी झाली. संघटनेच्या सचिव सरांनी मैदानातच नावं वाचली. माझं नाव आलं नाही. सर जवळ येऊन हसले.

"तुझं कशाला वाचायचं? घरच्या माणसाला लग्नाची पत्रिका देतेत का? तू उद्यापासून शिबिराला ये."

आमच्याकडं खरंच तसं असतं. पत्रिका पाहुण्याला. घरचा माणूस न बोलावता मांडवात येतो आणि कामाला लागतो. मला तो मानच वाटला.

रात्री ताईंना सांगितलं तर पीठ मळता मळता त्या थांबल्या. "लग्नात असतंय ग घरचं. संघात कसलं घरचं? इचार उद्या त्यांला."

"तुमाला न्हाई कळत त्यातलं," मी म्हणाले.

विचारलं नाही. सर चिडले तर, हीच भीती. शिबिरभर सकाळ-संध्याकाळ मी निवडलेल्या पोरींना बॉल टाकत राहिले. सर लांबून ओरडायचे, "अजून जोरात! राज्याला असाच येणार हाय बॉल!" हळूहळू त्या पोरींना माझा बॉल मारता यायला लागला. माझा खांदा सुजला. तरी गावाकडं फोन करून सांगितलं, मी खेळायला चालले.

निघायच्या सकाळी बॅग घेऊन स्टँडवर गेले. सगळ्यांच्या अंगात जिल्ह्याचं नाव असलेले नवे टी-शर्ट. माझा टी-शर्ट घ्यायला मी हात पुढं केला, तर सरांनी माझ्या दुसऱ्या हातातला ग्लव्ह काढून घेतला.

"हा संघटनेचा हाय. तुझं पुढच्या साली बघू, बेटा."

ताई परळीच्या गाडीवर ड्यूटीला होत्या. मला तिथंच खिळलेली बघून त्या आल्या. "सर, मग पोरीला शिबिरात कावून ठिवलं?"

"सरावाला बॉल टाकायला कुणीतरी पायजे का न्हाई?" सर म्हणाले. लाज नाही, राग नाही, अगदी साधं. ज्यांना मी खांदा सुजेपर्यंत बॉल टाकला, त्या पोरी सगळ्या मोबाइलमध्ये बघत होत्या.

ताईंनी मला आपल्या गाडीत बसवलं. वाटेत सिरसाळा आलं, पण मला उठवेना. ताईंनी गाडी सोडायची घंटीच मारली नाही.

"ओ बाई, मुक्काम हितंच का काय?" ड्रायव्हर ओरडला.

"थांब की जरा. उतरायचंय एकीला."

उतरले, तर चहाच्या गाड्यावरून एक जण म्हणाला, "काय ग, इतक्यात जिंकून बी आली?" माझ्या मागं ताईही उतरल्या होत्या. भर रस्त्यात, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "पोरीचं काय चुकलं न्हाई. हिला फसवलंय." मग गाडीत चढून घंटी मारली. गावात मला पुन्हा कुणी तसं विचारलं नाही.

नंतर ताईंनीच आपल्या चाकणच्या बहिणीला सांगून मला तिथल्या कंपनीत कामाला लावलं. पॅकिंगचं काम आहे, बरं चाललंय. अजूनही सुपरवायझर "तू आपलीच हायस" म्हणाले, की मी आधी हजेरीत माझं नाव आहे का ते बघून घेते.

परवा ताईंचा फोन आला. लेकीला सॉफ्टबॉल खेळायचाय, पाठवू का नको? "सांगते" म्हणून मी फोन ठेवला. आज लिहून सांगते. ताई, पाठवा. रजा मिळाली की मी येईन, माझ्या हाताला येतं ते सगळं तिला शिकवीन. आणि संघटनेपुढं बोलायची वेळ आलीच, तर तुम्ही माझ्यासाठी बोललात तशी मी तिच्यासाठी बोलेन.